सावली पारदर्शक, उजेड अपारदर्शक: जलरंगात ओपेक रंग कसे वापरावेत

जलरंगात पांढरा लावायचा नाही, कागदाचा पांढराच राखायचा, हे शाळेच्या ड्रॉइंगच्या तासाला एकदा कानावर पडलं की जन्मभर पुरतं. पुढे कितीही चित्रं काढली तरी पांढऱ्या ट्यूबचं झाकण उघडताना हात आखडतो. गंमत अशी की त्याच शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या संकल्पचित्राला आपण पोस्टर कलरने सपाट, जाड, शंभर टक्के ओपेक, म्हणजे खालचं सगळं झाकणारं काम केलेलं असतं. म्हणजे दोन्ही पद्धती हाताला ठाऊक असतात, फक्त एकाच चित्रात त्या शेजारी कशा नांदवायच्या हे कुणी दाखवलेलं नसतं. हा लेख त्यासाठी आहे. उदाहरणं खान्देशातली घेतली आहेत, कारण ओपेक रंगाची खरी गरज इथल्या विषयांत आणि इथल्या हवेत पावलोपावली लागते.

हवेचं आधी सांगतो. एप्रिल-मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास खेळतो. अशा हवेत बाहेर बसून ओल्यात ओला वॉश (पातळ रंगाचा सलग हात) टाकणं म्हणजे वाऱ्याशी शर्यत. कागदाच्या एका टोकाला पोहोचेपर्यंत दुसरं टोक सुकलेलं असतं आणि कडा पडलेल्या असतात. ओपेक रंगाला हीच हवा मानवते. खालचा थर लगेच सुकतो, वरचा हात लगेच देता येतो. विषयांचं म्हणाल तर काळ्या जमिनीवरची फुटलेली कपाशी, केळीच्या अंधाऱ्या बागेपुढे लोंबणारी वाळकी पानं, नांगरामागे चालणारे बगळे, सातपुड्यातला निष्पर्ण पळस, हे सगळं गडदावरचं फिकं आहे. पारदर्शक जलरंगाला फिक्यावर गडद जमतं, गडदावर फिकं जमत नाही. कपाशीच्या शेतातली शेकडो बोंडं कागद राखून रंगवायची म्हटली तर चित्र सोडून मास्किंग फ्लुइडचाच (कागद राखायला लावायच्या आणि नंतर सोलून काढायच्या द्रवाचा) उद्योग होतो. त्यातही उन्हात तापलेलं मास्किंग फ्लुइड कागदाला घट्ट धरतं आणि काढताना कागदाची साल घेऊनच निघतं.

कुठे पारदर्शक, कुठे ओपेक

सगळ्या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही. मार्चच्या दुपारी चारच्या सुमारास रावेर-सावदा रस्त्यावरच्या कुठल्याही केळीच्या बागेकडे बघा. सूर्य पानाच्या मागे असेल तर पान आतून पेटल्यासारखं पिवळं-हिरवं दिसतं, शिरा स्पष्ट दिसतात, आणि फाटलेल्या पट्ट्या जिथे एकमेकींवर येतात तिथे रंग दुप्पट गडद होतो. तिथून दोन पावलं बाजूला सरका. तेच पान आता वरून उजेड झेलतंय. हिरवं जवळजवळ नाहीसं झालंय, पानावर आकाशाची निळसर-पांढरी झिलई आली आहे आणि ती कापून काढल्यासारखी कडक आहे.

पहिल्या पानात उजेड आरपार आला. पारदर्शक जलरंगातही नेमकं हेच घडतं: उजेड रंगाच्या थरातून जातो, कागदावर आपटतो आणि पुन्हा त्याच थरातून परततो. म्हणून तिथे पातळ, स्वच्छ रंग लावायचा, पांढऱ्याचा थेंबही नको. दुसऱ्या पानात उजेड पृष्ठभागावरूनच परतला. ओपेक रंगही उजेडाला खाली जाऊ देत नाही, वरूनच परतवतो. म्हणून तिथे ओपेक. सावलीत तर बहुतेक सगळं पारदर्शक ठेवावं. सावलीत पांढरा मिसळला की खोली जाते आणि ती जागा खडू फासल्यासारखी पुढे येते. जुन्या चित्रकारांनी हेच पाळलेलं दिसतं: सावल्या पातळ आणि खोल, उजेड जाड.

रंग ओपेक का होतो

रंगद्रव्याचे कण आणि त्यांना धरून ठेवणारा बाभळीच्या जातीचा डिंक यांच्यातून उजेड किती वेगवेगळ्या प्रमाणात वळतो त्यावर झाकण्याची ताकद ठरते. या वळण्याचं माप म्हणजे वक्रीभवनांक. टायटॅनियम डायऑक्साइडचा, म्हणजे टायटॅनियम पांढऱ्याचा, तो साधारण २.६ ते २.७, डिंकाचा साधारण १.५. एवढा फरक असल्यावर उजेड आत शिरू शकत नाही, विखरून बाहेर पडतो. झिंक ऑक्साइडचा २.० च्या आसपास, म्हणून झिंक व्हाइट तुलनेने पातळ झाकतो. खडूचा १.६ च्या जवळ. ओला असताना तो दिसेनासा होतो, पाणी उडून मध्ये हवा शिरली की पांढरा दिसायला लागतो. स्वस्त पोस्टर रंग ओले असताना एक आणि सुकल्यावर भलतेच दिसतात, त्यामागे खडूसारखी भरणी हे एक मोठं कारण आहे.

पूर्वी पांढऱ्याचा प्रश्न बिकटच होता. शिशापासून केलेला पांढरा हवेतल्या गंधकाने काळवंडायचा. विन्सर अँड न्यूटनने १८३४ मध्ये ‘चायनीज व्हाइट’ नावाने दाट झिंक व्हाइट बाजारात आणला तेव्हा जलरंगवाल्यांना भरवशाचा पांढरा मिळाला. चित्रकारांच्या पेटीत टायटॅनियम आला तो १९२० च्या दशकात.

आणि ओपेक म्हणजे परकं काहीतरी, असं वाटत असेल तर जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठा आहे. तिथली भित्तिचित्रं सुकलेल्या गिलाव्यावर ओपेक रंगांत केलेली आहेत: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना-खडूसारखे पांढरे, आणि बाहेरून आलेला लाजवर्दी निळा. पुढच्या वेळी गेलात की पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीजवळ गोष्ट न आठवता फक्त पांढरा कुठे आहे ते बघा. मोती, डोळे, आणि जिथे नेमका उजेड पकडायचा तिथले मोजके हात. एवढ्या मोठ्या भिंतीवर पांढरा किती जपून वापरलाय ते डोळ्यांत भरतं. दुसरं उदाहरण फैजपूरचं. १९३६ च्या डिसेंबरात तिथे काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं आणि मंडपाची सजावट नंदलाल बोस यांनी केली. त्यानंतर सव्वा वर्षाच्या आत, १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी त्यांनी हातकागदावर टेम्परात (चिकट द्रवात कालवलेल्या ओपेक रंगांत) जे फलक केले, ते सपाट ओपेक रंग आणि वाहती रेषा शिकायला आजही उत्तम आहेत. त्यांची छापील चित्रं मिळाली तर समोर ठेवून दोन-तीन नकला करा.

सामान

पांढरा एकच घ्यायचा तर टायटॅनियम, आणि तो ग्वाशचा, म्हणजे ओपेक जलरंगाचा. ट्यूबवर पीडब्ल्यू ६ लिहिलेलं असतं. झिंकचा कोड पीडब्ल्यू ४. धूर, धूळ, धुकं अशा झिरझिरीत कामाला झिंक हाताशी असला तर बरा, पण त्यावाचून अडत नाही.

रंगपेटीत जे रंग मुळातच ओपेक आहेत ते ओळखून ठेवा, म्हणजे दर वेळी पांढऱ्याकडे धावावं लागत नाही. कॅडमियम पिवळा, नारिंगी आणि लाल, सेरुलियन निळा, इंडियन रेड, ऑक्साइड ऑफ क्रोमियम हिरवा, बऱ्याच कंपन्यांचा यलो ऑकर, आणि नेपल्स यलो. नेपल्समध्ये बहुधा पांढरा आधीच मिसळलेला असतो. याउलट अल्ट्रामरीन, थॅलो निळा-हिरवा, व्हिरिडियन, क्रिमझन, क्विनाक्रिडोन गुलाबी हे पारदर्शक. चांगल्या कंपन्या ट्यूबवर छोटा चौकोन छापतात: रिकामा म्हणजे पारदर्शक, अर्धा किंवा तिरप्या रेघेचा म्हणजे मधला, भरलेला म्हणजे ओपेक. नावापुढे ‘ह्यू’ असेल तर तो नकली मेळ असतो, गुण वेगळे निघू शकतात. कॅडमियम विषारी आहे. ब्रश तोंडात धरून टोक काढायची सवय असेल तर ती आजच सोडा.

पोस्टर कलर चालेल का? सरावाला जरूर चालेल, आणि तालुक्याच्या गावात तोच मिळतो हेही खरं. फक्त त्यात भरणी जास्त असते, जाड लावला की तडकतो, आणि त्यातले भडक गुलाबी-जांभळे उन्हात उडतात. पोस्टर पांढरा वापरायचा असेल तर बाटली नीट ढवळून मधलाच रंग घ्या, वरचं पाणी नको. ॲक्रिलिक ग्वाश ही वेगळी चीज आहे. सुकला की पाण्याने उठत नाही, त्यामुळे थरावर थर निर्धास्त देता येतात. पण मे महिन्यात ब्रश दोन मिनिटं कोरडा राहिला तर तो ब्रश गेला म्हणून समजा.

कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, आणि कोल्ड प्रेस्ड, म्हणजे जरा खडबडीत. पाव इम्पीरियल, म्हणजे ११ बाय १५ इंच, सरावाला पुरे. राखाडी किंवा मातकट हातकागद मिळाला तर एक-दोन पत्रे घेऊन ठेवा. इंग्रज चित्रकार टर्नरनेही निळ्या कागदावर ओपेक रंगांत भरपूर कामं केली आहेत. अशा कागदावर मधली छटा फुकट मिळते.

ब्रश: वॉशला १० किंवा १२ नंबरचा गोल आणि एक इंची फ्लॅट. ओपेकला सिंथेटिक ४ नंबरचा गोल, कारण त्याचे केस जरा कडक असतात आणि जाड रंग उचलतात. बारीक काड्यांना रिगर, म्हणजे लांब बारीक केसांचा ब्रश. शिवाय केस फाटलेला एखादा म्हातारा ब्रश फेकू नका, ड्रायब्रशला, म्हणजे जवळपास कोरडा रंग कागदाच्या खडबडीवरून फिरवायला, त्याच्यासारखा दुसरा नाही.

आता खरी शिस्त. पाण्याची दोन भांडी ठेवायची, एक ओपेक ब्रश धुवायला, एक पारदर्शक कामाला. रंग कालवायच्या जागाही दोन. पांढऱ्यासाठी पॅलेट नको, घरातली चिनी मातीची बशी घ्या. पांढऱ्याचा अंश पॅलेटमध्ये शिरला की पुढचा प्रत्येक वॉश दुधट निघतो आणि आपण कागदाला दोष देत बसतो. जलरंगात ओपेक वापरून चित्र मळलं अशी तक्रार करणाऱ्यांची निम्मी मळ या एकाच पाण्याच्या भांड्यातून आलेली असते. उन्हात बशीत ओल्या टिश्यूची घडी आणि त्यावर बटर पेपरचा तुकडा ठेवून रंग काढा, सोबत पाण्याची फवारणी बाटली ठेवा. तासभर तरी रंग मऊ राहतो.

आधी ही चाचणी

कागदाच्या पट्टीवर वॉटरप्रूफ काळ्या मार्करने एक जाड रेघ मारा. सुकली की पेटीतला प्रत्येक रंग घट्टसर करून तिच्यावरून आडवा ओढा. रेघेवर जो रंग दिसतो तो ओपेक, जो नाहीसा होतो तो पारदर्शक. पट्टीवर नावं लिहून ती पेटीच्या झाकणात चिकटवून टाका. कंपनीच्या चौकोनापेक्षा तुमच्या पेटीतली ही पट्टी जास्त विश्वासाची.

मग दुसरी पट्टी. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सियेना मिसळून गडद पट्टा द्या आणि पूर्ण सुकू द्या. त्यावर पांढरा तीन दाटपणांत लावा: ताकासारखा, दह्यासारखा आणि सायीसारखा. ताकाचा सुकल्यावर जवळपास गायब होईल, आणि जिथे उरेल तिथे निळसर दिसेल. दह्याचा मधला राखाडी देईल. सायीचा झाकेल. नवशिक्यांचा ओपेक ‘बसत नाही’, कारण जलरंगाची सवय म्हणून हात आपोआप पाणी जास्त घेतो. ब्रश धुतल्यावर फडक्याला टिपून मगच रंगात बुडवायचा, हे हाताला लावून घ्या.

सुकताना छटा सरकते हेही याच पट्टीवर कळेल. ग्वाशच्या गडद छटा साधारणपणे सुकून फिक्या होतात, फिक्या किंचित गडद होतात. म्हणून त्याच कागदाच्या तुकड्यावर ठिपका टाकून सुकवून बघितल्याशिवाय चित्राला हात लावू नये. आपल्या हवेत वाट मिनिटभरच बघावी लागते.

एक पूर्ण चित्र: केळीच्या बागेची कड

विषय असा: मागे सातपुड्याची फिकी रांग, मध्ये केळीची बाग, पुढे गाडीवाट आणि बांध. ऊन डावीकडून, जरासं मागून. जागेवर बसून करा किंवा फोटोवरून, पण दोन्ही प्रकारची पानं, आरपार उजेडाची आणि वरून उजेडाची, विषयात हवीत.

पेन्सिलने रेखाटन हलकं करा. त्याआधी वहीच्या पानावर पोस्टकार्डएवढं काळं-पांढरं टिपण काढा आणि त्यावर ओपेकच्या जागांना फुल्या मारा. ही पायरी बहुतेक जण टाळतात आणि मग शेवटी ओपेक जिथे तिथे सांडतो. फुल्या दहा-बारापेक्षा जास्त झाल्या तर अर्ध्या खोडा. या चित्रात माझ्या फुल्या वरून झिलई आलेल्या तीन-चार पानांवर, खोडाला लोंबणाऱ्या वाळक्या पानांवर, ठिबकच्या नळीच्या चमकेवर आणि वाटेच्या धुळीवर असतील.

आकाश आणि डोंगर एकाच ओल्या झपाट्यात. आकाशाला खाली यलो ऑकरचा अगदी पातळ स्पर्श, वर कोबाल्ट. मार्चमध्ये सातपुडा तसा स्पष्ट दिसतच नाही. कोबाल्टमध्ये जरासा लाइट रेड घालून पाणीदार रांग ओढा आणि तळाशी ओल्या ब्रशने विरवून टाका. इथे ओपेक नाही.

आता आरपार उजेडाची पानं. लेमन यलो किंवा गॅम्बोज, त्यात नावापुरता सॅप ग्रीन. थर एकच आणि स्वच्छ. ओला असतानाच पानाच्या मध्याकडे थोडा गडद हिरवा सोडा, पसरू द्या. सुकल्यावर फाटलेल्या पट्ट्या एकमेकींवर आल्यात तिथे त्याच रंगाचा दुसरा थर. चित्रातली ही सगळ्यात नाजूक जागा, आणि नंतर इथे पांढरा आणायचा मोह होतो. आणू नका. ती पानं पेटलेली दिसतात ती कागदामुळे.

मग अंधार. बागेच्या आतला काळोख काळ्या ट्यूबने भरला तर तो मेलेला दिसतो. अल्ट्रामरीन, बर्न्ट सियेना आणि सॅप ग्रीन, किंवा थॅलो ग्रीनमध्ये क्रिमझन, असा पारदर्शक गडद करून भरपूर रंग घेऊन एकदाच लावा. पानांच्या कडा याच गडदाने कापून काढायच्या. पाहिजे त्यापेक्षा अर्धी छटा जास्त गडद ठेवा, कारण पुढे येणारा सगळा ओपेक याच अंधारावर उभा राहणार आहे. आत खोडं दिसत असतील तर गडद ओला असताना टिपलेल्या ब्रशने दोन-चार उभ्या जागा उचलून घ्या. पुरे.

वाट आणि बांधाला काळ्या मातीचा वॉश द्या: अल्ट्रामरीन, बर्न्ट अंबर आणि भरपूर पाणी. ओली काळी माती खरोखर काळी असते, पण मार्चमधली सुकलेली माती राखाडी-तपकिरी होते. तिच्या भेगा आत्ता काढू नका.

इथे थांबा. पूर्ण सुकू द्या. हाताच्या पालथ्या बाजूने कागद चाचपून बघा. गार लागला तर अजून ओल आहे.

आता ओपेक, आणि तोही मधल्या छटेपासून. पहिला मान वाळक्या पानांचा. खोडाला लोंबणारी ही पानं अंधारापुढे असतात आणि डावीकडचं ऊन त्यांच्या घड्यांवर पडतं. यलो ऑकरमध्ये थोडा पांढरा आणि बर्न्ट सियेनाचा स्पर्श, सायीइतका दाट. ब्रश वरून खाली एकदाच ओढायचा, ओढता ओढता जरा वळवायचा. दुसऱ्यांदा त्याच जागी घासलं की खालचा गडद विरघळून वर येतो आणि पान चिखल होतं. हाताला हे अवघड जातं, कारण जलरंगात आपण सतत चाळवत असतो. एक हात द्या आणि ब्रश उचला. मनासारखं पडलं नाही तर सुकू द्या, मग वरून दुसरा द्या. पानाची सावलीकडची बाजू तशीच अंधारात हरवू द्यावी, सगळी कड काढू नये.

मग झिलईची पानं. सेरुलियन, पांढरा, आणि पॅलेटवरचा शिळा हिरवा कणभर. ओला असताना हा मेळ बशीत भलताच निळा वाटतो आणि धीर होत नाही, पण गडद हिरव्यावर ठेवला की चमक दिसायला लागते. फ्लॅट ब्रशच्या कडेने पानाच्या मधल्या शिरेपासून बाहेर तुटक हात द्या. मधली शीर स्वतः फिकट पिवळी असते, ती रिगरने नेपल्स यलोमध्ये, आणि पानाच्या टोकाकडे जाताना ती तुटली तर उत्तमच.

शुद्ध पांढऱ्याच्या जवळ जाणारा रंग फक्त दोन-तीन जागी. ठिबकच्या काळ्या नळीवर उन्हाची जी सरळ चमक येते ती, आणि एखाद्या पानाच्या वळलेल्या कडेवर. तोही थेट ट्यूबमधला नको, त्यात ऑकरचा अंश हवा. टायटॅनियम गार असतो आणि बहुतेक कागद किंचित पिवळसर. नुसता टायटॅनियम राखलेल्या कागदाशेजारी ठेवला की ठिगळासारखा दिसतो. त्याच कारणासाठी एकाच वस्तूत दोन्ही पांढरे मिसळू नयेत. वाटेवरच्या माणसाच्या टोपीला कागद राखला असेल तर ती कागदाचीच राहू द्या.

शेवटी वाट. म्हाताऱ्या ब्रशवर पांढरा, ऑकर आणि लाइट रेडचा जवळपास कोरडा मेळ घ्या, फडक्यावर झटका, आणि कागदाच्या खडबडीवरून आडवा फिरवा. चाकोरीच्या दोन पट्ट्यांवर धूळ बसते, मधल्या गवताच्या पट्टीवर नाही. मातीच्या भेगा आत्ता काढायच्या: गडद भेग पारदर्शक, तिची उन्हाकडची कड फिक्या ओपेकची. सगळ्या भेगांना कड दिली तर फरशी होईल, पुढच्या चार-पाच भेगांना पुरे.

आता चित्र भिंतीला टेकवून लांबून बघा आणि डोळे मिचकावा. ओपेक जागा चित्रातून उडी मारून बाहेर येत असतील तर त्या फार पांढऱ्या झाल्यात. खालचा थर ओलावणार नाही इतक्या हलक्या हाताने एक पातळ पारदर्शक थर देऊन त्या बसवता येतात.

पळस, कपाशी, धूर

पळसाला पांढऱ्याने दगा देण्याची सवय आहे. नारिंगी उजळायचा म्हणून त्यात पांढरा घातला की फुलं पीच रंगाची होतात, पेटत नाहीत. त्याऐवजी काळ्याकरड्या फांद्यांवर फुलांच्या जागी आधी नुसत्या पांढऱ्याचे जाडसर ठिपके द्या, नीट सुकू द्या, आणि मग प्रत्येकावर पारदर्शक नारिंगी-लाल रंगाचा एकच स्पर्श. आता त्या पांढऱ्याने कागदाचं काम केलेलं असतं आणि रंग आतून उजळतो. दोनदा टेकवलं तर पांढरा उठून मिसळतो आणि पुन्हा पीच. दूरच्या झुबक्यांना सरळ कॅडमियम नारिंगी जाड लावला तरी भागतं.

कपाशीची बोंडं पांढरी असतात, म्हणून पहिला हात पांढरा द्यायचा नाही. पहिला हात राखाडी-निळसर ओपेक, बोंडाच्या पूर्ण आकाराचा. त्यावर उन्हाच्या बाजूला उबदार पांढऱ्याचा अर्धा हात. तेवढ्याने कापूस फुगलेला दिसतो. जवळच्या सात-आठ बोंडांनाच एवढा मान द्या. मागची रांग ड्रायब्रशने, आणि सगळ्यात मागे नुसती फिकी पट्टी. वेचणी झालेली बाजू आणि न झालेली बाजू शेतात वेगळी दिसते. ती तशी ठेवली की चित्राला आपोआप रचना मिळते, नाहीतर शेत बुट्ट्यांच्या साडीचं कापड होतं.

धुराची गोष्ट मजेची आहे. बांधावर पऱ्हाटी (कपाशीच्या वाळल्या काड्या) पेटवलेली असते तेव्हा गडद झाडांपुढचा धूर निळसर दिसतो आणि तोच वर आकाशापुढे गेला की तपकिरी होतो. बारीक कण निळा उजेड जास्त विखुरतात म्हणून असं घडतं, आणि पातळ पांढरा रंगही गडदावर नेमकं तेच करतो. तेव्हा झाडांपुढच्या धुराला निळा मिसळू नका, ताकासारखा झिंक व्हाइट एका हलक्या हाताने फिरवा, निळेपणा तो स्वतःच आणतो. आकाशापुढच्या धुराला मात्र ओपेक चालत नाही, तिथे पाणीदार बर्न्ट अंबर. एप्रिलच्या धुळीने पुसलेल्या डोंगरांनाही हाच पातळ पडदा चालतो, फक्त त्यात ऑकर घालावा.

बिघडलं तर

ओपेक हा चुका झाकायचा रंग नाही. आकाशात पडलेला डाग पांढऱ्या-निळ्याने बुजवला तर डागाच्या जागी ठिगळ येतं, कारण सुकल्यावर मॅट पृष्ठभाग आजूबाजूच्या वॉशपासून वेगळा ओळखू येतो. आधी ओल्या ब्रशने डाग उचलून बघा. अगदीच गेला नाही तर तिथे झाडाची फांदी आणा, पक्षी नको, पक्ष्याने बुजवलेले डाग लगेच ओळखू येतात.

रंग तडकत असेल तर थर फार जाड झालाय किंवा जुना सुकलेला पोस्टर रंग पुन्हा कालवलाय. खालचा वॉश उठून येत असेल तर ब्रशमध्ये पाणी जास्त आहे, किंवा हात जोराचा आहे. सगळं चित्रच खडूसारखं फिकं वाटत असेल तर पांढरा सावलीत शिरलाय. अशा वेळी सावल्यांवर एक पारदर्शक गडद थर दिला तर निम्मं चित्र तरी वाचतं. आणि फिके रंग थंड, आजारी दिसत असतील तर उजळण्यासाठी नुसता पांढरा वापरलाय. उन्हातला लाल उजळताना पांढऱ्यासोबत पिवळा, हिरवा उजळतानाही पिवळा, हे लावून घ्या.

स्पर्धेला किंवा प्रदर्शनाला चित्र पाठवणार असाल तर नियमावली वाचा. काही ठिकाणी फक्त पारदर्शक जलरंगच घेतात आणि पांढरा दिसला की चित्र बाजूला काढतात. तिथे वाद घालून उपयोग नाही, ‘मिश्र माध्यम’ किंवा ‘ग्वाश’ असा वेगळा विभाग असेल तर त्यात द्यावं.

चित्र ठेवताना गुंडाळी करू नका, जाड थर तडकतो. चित्रांच्या मध्ये बटर पेपर ठेवा, कारण ओपेकचा मॅट पृष्ठभाग घासला की चकाकतो आणि ती चकाकी जात नाही. फ्रेम करताना माउंट लावून काच चित्रापासून सुटी ठेवायला सांगा. पावसाळ्यात काचेला आतून दमट धरलं आणि रंग काचेला टेकलेला असला तर तो काचेलाच चिकटतो.